रिपोर्ट बाळाबरोबर आजोळी गेला पाहिजे: पुण्यातील प्रसूतिगृहांना खुले पत्र

प्रति,
पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधील प्रसूतिगृहांचे संचालक, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि परिचारिका

सस्नेह नमस्कार.

नॉर्मल बाळंतपणानंतर बाळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तुमच्याकडून बाहेर पडते. पुष्कळदा ते पुण्यातल्या घरी न जाता थेट आईच्या माहेरी जाते: साताऱ्याला, नगरला, बारामतीला, नाहीतर घाट उतरून कोकणात. निघण्यापूर्वी टाच टोचून त्याच्या रक्ताचे चार-पाच थेंब जाड कागदावर घेतलेले असतात. तो कागद कुरियरने प्रयोगशाळेत जातो आणि काही दिवसांनी रिपोर्ट येतो. त्यात एका ओळीत लिहिलेले असते, 'जी६पीडी: कमतरता'. जी६पीडी हे तांबड्या पेशींना जपणारे एन्झाइम; ते कमी असले की पेशी फुटू शकतात आणि कावीळ वाढते. तोपर्यंत बाळाची कावीळ चढायची तेवढी चढून गेलेली असते आणि तो रिपोर्ट तुमच्या फायलीत पडून असतो. बाळ आजोळी, रिपोर्ट पुण्यात.

आमची मागणी एकच आहे. जी६पीडीची तपासणी करायची तर तिचे उत्तर बाळ निघण्यापूर्वी हातात येईल अशा रीतीने करा, आणि ते उत्तर लिहून, समजावून बाळाबरोबर पाठवा. पुढचे सगळे लिखाण याच मागणीसाठी आहे.

जी६पीडी हे जनुकाचेही नाव आणि त्यावरून बनणाऱ्या प्रथिनाचेही: ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज. जनुक एक्स गुणसूत्राच्या लांब बाहूच्या टोकाशी आहे, १३ एक्झॉनांत, म्हणजे तुकड्यांत, विभागलेले. त्यावरून ५१५ अमिनो आम्लांची साखळी तयार होते. सुटी साखळी काही कामाची नसते. दोन किंवा चार साखळ्या एकत्र जुळल्या की एन्झाइम चालू होते. त्याचे काम म्हणजे ग्लुकोज-६-फॉस्फेटमधला हायड्रोजन काढून एनएडीपी या रेणूला देणे आणि त्याचे एनएडीपीएच करणे. इतर पेशींना एनएडीपीएच मिळवायचे आणखीही रस्ते आहेत. तांबड्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाघरे, नाहीत, त्यामुळे तिला हा एकच रस्ता उरतो. एनएडीपीएच कमी पडले की वापरले गेलेले ग्लुटाथायोन, म्हणजे पेशीला जपणारे द्रव्य, पुन्हा कामाला येत नाही. मग एखादे औषध किंवा रसायन रक्तात आले की हिमोग्लोबिन बिघडते, त्याच्या गुठळ्या पेशीच्या आवरणाला आतून चिकटतात, प्लीहा त्या कुरतडून काढते आणि पेशी फुटते. सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या काचेवर 'चावा घेतलेल्या' पेशी दिसतात त्या अशा.

आणखी एक गोष्ट इथेच लक्षात ठेवावी, कारण तपासणीतली निम्मी फसगत तिच्यामुळे होते. तांबड्या पेशीला केंद्रक नसते. जन्माच्या वेळी जेवढे एन्झाइम मिळाले तेवढ्यावर तिला सुमारे १२० दिवस काढायचे असतात. नवे बनवता येत नाही. निरोगी माणसातही हे एन्झाइम साधारण ६२ दिवसांत निम्मे होते. कमतरतेच्या प्रकारांत ते त्याहून कितीतरी लवकर संपते. म्हणजे म्हाताऱ्या पेशी सर्वांत आधी फुटतात आणि तरुण पेशी तग धरतात.

पेशी फुटण्याचा हा प्रकार एका औषधामुळे उघडकीस आला. मलेरियावरचे प्रायमाक्विन दिल्यावर काही जणांच्याच पेशी का फुटतात, याचा शोध घेताना १९५६ साली अमेरिकेत संशोधकांना या एन्झाइमची कमतरता सापडली. आज या जनुकातले दोनशेच्या आसपास किंवा त्याहून अधिक बदल माहीत आहेत आणि जगात ४० कोटींहून जास्त लोकांत ही कमतरता असावी असे मानले जाते. आपल्याकडे प्रामुख्याने तीन बदल आढळतात. 'मेडिटरेनियन' प्रकारात १८८ व्या जागी सेरिनऐवजी फेनिलअलानिन येते, 'ओरिसा' प्रकारात ४४ व्या जागी अलानिनऐवजी ग्लायसिन, आणि 'केरळ-कल्याण' प्रकारात ३१७ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन. यातले कल्याण म्हणजे आपलेच, ठाणे जिल्ह्यातले. केरळात सापडलेला आणि कल्याणात सापडलेला असे दोन वेगळे प्रकार मानले जात होते. जनुक वाचल्यावर दोन्हींत नेमका एकच बदल निघाला, म्हणून जोडनाव. हा आजार परदेशातला, आपल्या पेशंटमध्ये कशाला, असे अजूनही कानावर येते. त्याला हे नावच पुरेसे उत्तर आहे. भारतात समाजासमाजांत प्रमाण फार वेगवेगळे आहे. काही गटांत ही कमतरता जवळजवळ नाही, तर काहींत चौथ्या हिश्श्याहून जास्त पुरुषांत आहे. पुण्यात तर सगळीकडून आलेले लोक बाळंतपणाला येतात. आडनाव पाहून कोणाची तपासणी करायची हे ठरवणे म्हणूनच चुकीचे आहे.

आता तपासणीकडे येतो.

वाळलेल्या रक्ताच्या कागदावरची तपासणी थायरॉइडसाठी उत्तम चालते, कारण तिथे हार्मोन मोजायचे असते. जी६पीडीत एन्झाइम जिवंत आहे का ते पाहायचे असते, आणि ते उष्णतेने व दमटपणाने मरते. एप्रिल-मे महिन्यात कुरियरच्या दुचाकीवरच्या पेटीत दुपारभर तापलेला कागद किंवा जुलैत ओल धरलेला कागद निरोगी बाळालाही 'कमतरता' ठरवतो. म्हणून कागद आडवा ठेवून, उन्हापासून दूर, तीन-चार तास पूर्ण वाळवा. ओले कागद एकावर एक ठेवू नका. वाळल्यावर सिलिका जेलच्या पुडीसह बंद पिशवीत घाला आणि पाठवेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवा. वर्तुळ एकाच थेंबाने पूर्ण भरले पाहिजे. टाच पिळून काढलेले पाणीदार रक्त चालत नाही. नमुने साठवून आठवड्यातून एकदा पाठवण्याची पद्धत कुठे असेल तर ती आजच बंद करावी, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

त्याहून चांगला रस्ता म्हणजे नाळेतले रक्त. नाळ कापल्यावर वारेकडच्या बाजूची नाळ पुसून घ्या म्हणजे आईचे रक्त मिसळणार नाही, आणि सुईने एक-दोन मिलिलिटर रक्त ईडीटीएच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या, जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घ्या. ट्यूब हलकेच उलटसुलट करा. २ ते ८ अंशांत ठेवा, गोठवू नका. बाळाला टोचावे लागत नाही, नमुना पहिल्या तासातच मिळतो आणि शहरातल्या प्रयोगशाळेला त्याच किंवा दुसऱ्या दिवशी उत्तर देता येते. पुण्यात हे अंतराचे काम नाही, नमुना उचलायला येणाऱ्या मुलाची वेळ ठरवून घेण्याचे काम आहे.

ज्यांच्याकडे स्वतःची छोटी प्रयोगशाळा आहे त्यांना फ्लुरोसंट स्पॉट टेस्ट सहज करता येते. दहा मायक्रोलिटर रक्त किटमधल्या द्रवात मिसळायचे. त्या द्रवात ग्लुकोज-६-फॉस्फेट, एनएडीपी आणि पेशी फोडणारे सॅपोनिन असते. लगेच, पाच मिनिटांनी आणि दहा मिनिटांनी एकेक थेंब फिल्टर पेपरवर ठेवायचा, वाळवायचा आणि अंधाऱ्या जागी ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली पाहायचा. एनएडीपीएच बनत असेल तर ठिपका चमकतो. नसेल तर काळाच राहतो. दरवेळी एक निरोगी आणि एक कमतरतेचा नमुना शेजारी चालवला पाहिजे. ते नसतील तर किट खराब झाले आहे की बाळात कमतरता आहे, हे कळायला मार्ग नाही. रक्त फार पातळ असेल तर ठिपका उगाच अंधुक दिसतो, तेव्हा हिमोग्लोबिन पाहून मगच निकाल द्यावा. ही तपासणी साधारण ३० टक्क्यांच्या खालची कमतरता पकडते. मुलग्यांसाठी हे पुरते, कारण त्यांच्याकडे एकच एक्स गुणसूत्र असते आणि त्यांचा निकाल बहुधा 'आहे' किंवा 'नाही' असाच येतो. मुलींचे तसे नाही. एका एक्सवर बदल आणि दुसरे निरोगी असेल, तर काही पेशींत एक बंद पडलेले असते आणि काहींत दुसरे. एकाच मुलीच्या रक्तात निरोगी आणि कमकुवत पेशींची सरमिसळ असते. कोणाचा आकडा ८० टक्के येतो, कोणाचा ४०, कोणाचा अगदी २० सुद्धा. ३० ते ७० मधल्या मुली स्पॉट टेस्टला 'नॉर्मल' दिसतात. मुलीच्या रिपोर्टवर 'नॉर्मल' लिहून थांबू नये. तपासणी स्पॉटची होती की आकडा देणारी, हेही लिहावे.

आकडा देणारी तपासणी ३४० नॅनोमीटरला स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या यंत्रावर, होते आणि हिमोग्लोबिनच्या प्रत्येक ग्रॅममागे किती युनिट, असे उत्तर येते. इथे प्रयोगशाळांना आमची वेगळी विनंती आहे. नवजात बाळाच्या रक्तात तरुण पेशी जास्त असतात, त्यामुळे त्याचे निरोगी मूल्य मोठ्या माणसाच्या मूल्यापेक्षा बरेच वर असते. किटच्या चिठ्ठीवरची मोठ्या माणसांची मर्यादा बाळाला लावली तर मध्यम कमतरतेची बाळे सुटून जातात. आपल्याकडे येणाऱ्या नवजात मुलग्यांच्या मूल्यांवरून, कमतरतेची मुले वगळून, मध्यक काढा आणि प्रत्येक रिपोर्टवर युनिटांबरोबर त्या मध्यकाच्या किती टक्के हे छापा. मापन ३० अंशांवर केले की ३७ वर, तेही छापा, नाहीतर दोन प्रयोगशाळांचे आकडे कधीच जुळणार नाहीत.

निकाल चुकीचा 'नॉर्मल' येण्याची तीन कारणे वारंवार दिसतात. पहिले, नुकत्याच पेशी फुटून गेल्या असणे. जुन्या पेशी गेल्या, उरलेल्या तरुण पेशींत एन्झाइम भरपूर आहे, म्हणून तपासणी निर्दोष दिसते. अशा वेळी दोन-तीन महिने थांबून पुन्हा तपासा आणि तोवर कमतरता आहे असे धरूनच वागा. दुसरे, बाळाला रक्त चढवलेले असणे. यातली सर्वांत मोठी चूक रक्तबदल करताना होते. बाळाचे रक्त बदलायची वेळ आली की सगळ्यांची धावपळ उडते, आणि जी६पीडीचा नमुना आठवतो तो नंतर. त्या वेळी ट्यूबमध्ये असते ते रक्तदात्याचे रक्त. रक्तबदलाच्या ट्रेमध्ये एक रिकामी जांभळी ट्यूब आधीच ठेवलेली असावी आणि पहिले पाच मिलिलिटर रक्त बाहेर काढताना ती भरावी. तिसरे, पांढऱ्या पेशी. त्यांच्यातही हे एन्झाइम असते. बाळाला जंतुसंसर्ग होऊन पांढऱ्या पेशी वाढल्या असतील आणि हिमोग्लोबिन कमी असेल तर आकडा फुगतो. वरचा पांढरा थर काढूनच मोजावे.

डीएनए तपासणी बाळाला रक्त चढवल्यानंतर किंवा मुलींबाबत उपयोगी पडते. पण फक्त तीन नेहमीचे बदल पाहणारी तपासणी नकारार्थी आली म्हणून कमतरता नाही असे म्हणता येत नाही. चौथा बदल तिला दिसतच नाही.

कमतरता कळली की पहिला प्रश्न काविळीचा. या बाळांची कावीळ केवळ पेशी फुटल्याने होते असे नाही. अनेकांच्या यकृताची बिलिरुबिन, म्हणजे कावीळ आणणारे पिवळे रंगद्रव्य, हाताळण्याची ताकदही कमी असते. म्हणून हिमोग्लोबिन ठीक आहे, रक्ताची काच स्वच्छ आहे, रेटिक्युलोसाइट (नव्या तांबड्या पेशी) वाढलेले नाहीत, तरी बिलिरुबिन चढत जाते. काच पाहून निर्धास्त होऊ नये. जी६पीडी कमतरता असलेल्या बाळाला फोटोथेरपी (प्रकाशाखाली ठेवण्याचा उपचार) सुरू करायची रेषा खालची धरावी लागते. अमेरिकन बालरोग अकादमीच्या २०२२ च्या मार्गदर्शनात या कमतरतेला मेंदूला धोका वाढवणाऱ्या कारणांत धरले आहे. पहिल्या २४ तासांत तासाला ०.३ मिलिग्रॅम किंवा त्यानंतर तासाला ०.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या वेगाने बिलिरुबिन चढत असेल तर पेशी फुटत आहेत असे समजावे. फोटोथेरपी बंद केल्यावर ६ ते १२ तासांनी एकदा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बिलिरुबिन पाहावे. ते पुन्हा उसळण्याची शक्यता या बाळांत जास्त असते.

आणि नेमक्या याच दिवसांत बाळ गाडीत बसून आजोळी निघालेले असते. काविळीचा चढ तिसऱ्या ते पाचव्या दिवसाचा. तिकडे बाळंतिणीची खोली मुद्दाम अंधारी ठेवलेली, खिडकीला पडदा, बाळ दुपट्यात गुंडाळलेले, डोक्याला टोपडे. पिवळेपणा दिसणार कसा? त्यात 'सकाळचे कोवळे ऊन दाखवा, उतरेल' हा सल्ला घरोघरी तयार असतो. कोवळ्या उन्हाने मेंदूला धोका असलेली कावीळ उतरत नाही, फक्त दवाखान्यात जायला उशीर होतो. कमतरता असलेल्या बाळाला पाचवा दिवस उलटेपर्यंत लांब पाठवू नका. पाठवणे टळत नसेल तर कोणत्या गावी, कोणत्या बालरोगतज्ज्ञाकडे, कोणत्या दिवशी बिलिरुबिन मोजायचे ते कार्डावर लिहा आणि तिथल्या डॉक्टरांना आधी फोन करा. घरच्यांना तीन खुणा सांगा: पिवळेपणा पोटाच्या खाली, पायांपर्यंत आला; बाळ दूध ओढत नाही, सारखे झोपते; रडणे किरटे झाले किंवा मान मागे टाकू लागले. शेवटची खूण दिसली तर रात्री दोन वाजताही निघायचे. बिलिरुबिन मेंदूत बसले की ऐकू येणे जाते, हातापायांवरचा ताबा जातो आणि तो परत येत नाही.

आता घरातल्या वस्तू. सर्वांत वर डांबराच्या गोळ्या. बाळासाठी जपून ठेवलेली झबली, मऊ झालेल्या जुन्या साड्यांची दुपटी, आजीची गोधडी हे सगळे पेटीतून निघते ते गोळ्यांच्या वासासकट. त्या गोळ्या बहुधा नॅफ्थलिनच्या असतात. त्याची वाफ श्वासातून जाते आणि कातडीतूनही जाते. तेलाने मालिश केलेल्या कातडीतून तर जास्तच, कारण नॅफ्थलिन तेलात विरघळते. मालिश, अंघोळ आणि मग गोळ्यांच्या वासाच्या दुपट्यात गुंडाळणे हा आपल्याकडचा रोजचा क्रम या बाळांसाठी खराखुरा घातक आहे, आणि बारशाच्या सुमारास तर ठेवणीतले सगळेच कपडे बाहेर येतात. बाळ जन्मण्याआधी महिनाभर कपडे गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवावेत, वास पूर्ण जाईपर्यंत. बाळाच्या खोलीतल्या कपाटातून गोळ्या काढाव्यात. कसर लागू नये म्हणून वेखंडाचे तुकडे किंवा सुकवलेला कडुलिंबाचा पाला चालतो. कापूर ठेवू नये. तो लहान बाळाला वेगळ्याच कारणाने घातक आहे, त्याने झटके येऊ शकतात. ही सूचना आम्हाला सातव्या महिन्याच्या तपासणीत दिलेली हवी आहे, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे. डिस्चार्जपर्यंत पेटी उघडलेली असते.

दुसरी मेंदी. तिचा रंग देणारा लॉसोन हा पदार्थ रसायनाच्या दृष्टीने नॅफ्थलिनपासून शरीरात बनणाऱ्या पदार्थांचा सख्खा भाऊ आहे. बाळाच्या तळहाता-तळपायांना मेंदी लावल्यावर पेशी फुटल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. आईने स्वतःच्या हाताला लावणे वेगळे. बाळाला लावू नये.

खाण्याबद्दल मात्र आमची तक्रार उलट आहे. कमतरता कळली की हातात एक झेरॉक्स कागद दिला जातो. त्यावर 'सर्व बीन्स टाळा' असे असते, आणि घरातून वाल, पावटा, घेवडा, राजमा, चवळी, कधी सोयाबीन, कधी हरभरासुद्धा हद्दपार होतो. वर्षानुवर्षे. हे चूक आहे. दोषी आहे ती एकच शेंग, व्हिसिया फाबा; इंग्रजीत ब्रॉड बीन किंवा फावा बीन, उत्तरेत बाकला. तिच्यातल्या व्हायसिन आणि कॉनव्हायसिन या पदार्थांमुळे पेशी फुटतात. आपला वाल आणि पावटा ही वेगळी वनस्पती आहे, घेवडा-राजमा वेगळी, चवळी वेगळी. डाळिंब्यांची उसळ खायला काहीही हरकत नाही. मूल शाकाहारी घरातले असेल तर कडधान्ये बंद करणे म्हणजे त्याचे प्रथिन बंद करणे. सावध राहायचे ते पाकिटातल्या तळलेल्या-भाजलेल्या 'ब्रॉड बीन्स'पासून आणि हॉटेलातल्या फलाफलपासून, कारण ते काही ठिकाणी हरभऱ्याऐवजी किंवा हरभऱ्याबरोबर फावा बीनचे करतात. विचारून खावे. अंगावर पाजणाऱ्या आईनेही फावा बीन टाळावे. झेरॉक्स कागद मात्र फाडून टाकावा.

औषधांच्या यादीचेही तसेच झाले आहे. ती इतकी लांब आहे की कोणी वाचत नाही आणि खरे धोकादायक औषध त्यात बुडून जाते. ठामपणे टाळायची औषधे थोडी आहेत: डॅप्सोन, रॅस्ब्युरिकेज, पेग्लोटिकेज, मिथिलीन ब्लू, टॅफेनोक्विन आणि नेहमीच्या पद्धतीने दिलेले प्रायमाक्विन. नायट्रोफ्युरॅन्टॉइन आणि लघवीची जळजळ थांबवणारे फेनाझोपायरिडिन यांच्या बाबतीत सावधगिरी हवी. नायट्रोफ्युरॅन्टॉइन तुमच्या रोजच्या वापरातले आहे. गरोदरपणातल्या लघवीच्या जंतुसंसर्गाला ते दिले जाते. दिवस भरत आले की कोणत्याही आईला आणि पहिल्या महिन्यात कोणत्याही बाळाला ते देऊ नये. लॅप्रोस्कोपीत गर्भनलिका मोकळ्या आहेत का पाहण्यासाठी मिथिलीन ब्लू सोडता, तेव्हाही आधी एकदा विचारा. शिवाय नळातले किंवा विहिरीतले नायट्रेट, बधिरीकरणाचे औषध अशा कारणाने हिमोग्लोबिन बिघडून पेशंट निळा पडला आणि ऑक्सिजन देऊनही मॉनिटरवरचा आकडा ८५ च्या आसपास अडकला, तर मिथिलीन ब्लू टोचण्यापूर्वी जी६पीडीची आठवण झालीच पाहिजे; कमतरता असेल तर तेच औषध पेशी फोडते.

उलट व्हिटॅमिन के बद्दल जुन्या याद्यांनी मोठे नुकसान केले आहे. घातक होते ते जुने, पाण्यात विरघळणारे मेनाडायोन. आज जन्मल्यावर देतात ते एक मिलिग्रॅम फायटोमेनाडायोनचे इंजेक्शन या बाळांना सुरक्षित आहे आणि ते चुकवले तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटॅमॉल योग्य मात्रेत चालते. सगळ्या लसी चालतात. क्लोरोक्विन नेहमीच्या मात्रेत चालते. या चार ओळी कार्डावर निषिद्ध औषधांच्या शेजारीच छापा, कारण तापात पॅरासिटॅमॉल न देता बसलेले पालक हीही याच यादीची देणगी आहे.

घातक वस्तूशी संबंध आल्यावर बहुधा एक ते तीन दिवसांत त्रास सुरू होतो. मूल पांढरेफटक पडते, डोळे पिवळे होतात, लघवी काळ्या चहासारखी होते. लंगोटावर गडद डाग दिसला तर लंगोट धुऊ नका, डॉक्टरांना दाखवायला घेऊन जा, असे आईला सांगा. उपचार साधे आहेत: कारण थांबवणे, पाणी आणि लघवी नीट चालू ठेवणे, गरज पडली तर रक्त. बाकीच्या काळात हे मूल पूर्ण निरोगी असते. शाळा, खेळ, पोहणे, लग्न, कशालाच आडकाठी नाही. हे वाक्यही मोठ्याने सांगावे लागते.

शेवटी घरातल्या नात्यांचा प्रश्न, आणि आम्हाला तो तपासणीइतकाच महत्त्वाचा वाटतो. मुलग्याला एक्स गुणसूत्र आईकडून मिळते. त्यामुळे 'दोष आईकडून आला' हे वाक्य खोलीबाहेर पडताच सासरी वेगळ्या अर्थाने फिरू लागते. समुपदेशन आई-वडील दोघांना एकत्र बसवून करा. वडिलांत कमतरता असेल तर त्यांच्या प्रत्येक मुलीत तो बदल उतरतो आणि मुलग्यात कधीच नाही, हेही त्याच बैठकीत सांगा. मुलगी असेल तर तो बदल वडिलांकडून आलेला असू शकतो. कोणी काही खाल्ल्या-पिल्ल्याने किंवा ग्रहणात बाहेर पडल्याने हे झालेले नाही. आई स्वतः बहुधा निरोगी असते, तिलाही हे पहिल्यांदाच कळत असते.

बाळात सापडलेला बदल बहुतेक वेळा आजोळी आधीपासून असतो. आजीकडून आला असेल तर प्रत्येक मामामध्ये तो असण्याची शक्यता निम्मी. आजोबांकडून आला असेल तर ते स्वतः कमतरतेचे आहेत आणि मावशाही वाहक आहेत, म्हणजे मावसभावंडेही तपासायला हवीत. या लोकांनी आयुष्यात कधी हे नाव ऐकलेले नसते. मामाला पावसाळ्यात व्हायवॅक्स मलेरिया झाला तर राष्ट्रीय उपचारपद्धतीप्रमाणे तीन दिवस क्लोरोक्विन आणि १४ दिवस प्रायमाक्विन मिळते, वजनाच्या दर किलोला ०.२५ मिलिग्रॅम, म्हणजे मोठ्या माणसाला रोज १५ मिलिग्रॅमची गोळी. कमतरता आधी माहीत असेल तर डॉक्टर देखरेखीखाली आठवड्यातून एकदा ०.७५ मिलिग्रॅम प्रति किलो, असे आठ आठवडे देण्याचा जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेला पर्याय वापरू शकतात. माहीत नसेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी लघवी काळी होते, आणि घरातले म्हणतात कावीळ झाली, आणि गोळ्या चालूच राहतात.

म्हणून डिस्चार्ज कार्डाच्या पहिल्या पानावर, रक्तगटाच्या खाली, एक ओळ छापून घ्या: जी६पीडी, तपासणीचा प्रकार, तारीख, आकडा आणि टक्के. ती ओळ रिकामी ठेवून कार्ड देऊ नका. तपासणी केली नसेल तर 'केली नाही' असे लिहा. निकाल बाकी असेल तर आजोळचा फोन नंबर घ्या, पुण्यातल्या घराचा नव्हे, आणि फोन करण्याची जबाबदारी एका परिचारिकेच्या नावावर टाका. कमतरतेच्या कार्डाच्या तीन प्रती द्या: एक आईकडे, एक तिथल्या बालरोगतज्ज्ञांकडे आणि एक मामाकडे.

आपले,
नवजात बाळांच्या तपासण्या आणि काविळीच्या उपचारांचे काम करणारे सहकारी
पुणे